बिननंबरी मोबाईल

आमच्याकडे मोबाईल हा शब्द दोन कामं करतो. हातातलं यंत्र म्हणजे मोबाईल, आणि दहा आकड्यांचा नंबर म्हणजेही मोबाईलच. 'तुमचा मोबाईल सांगा' म्हटलं की माणूस आकडे सांगायला लागतो, आणि 'मोबाईल बदलला' म्हटलं की नेमकं काय बदललं ते पुढच्याने आपलं आपण समजून घ्यायचं. यंत्रात एक कार्ड असतं, आपण लावतो तो नंबर त्या कार्डाचा असतो, आणि यंत्राला स्वतःचा वेगळाच एक नंबर असतो, हे आज कुणीही सांगेल. २००९ साली आमच्या गावात ते फारसं कुणाला माहीत नव्हतं, आणि माझ्या बाबूजींना तर नव्हतंच. त्यापायी आमच्या घरातला एक माणूस निघून गेला.

आमचं गाव कोहमाऱ्यापासून आत, हायवेचे ट्रक ऐकू येतील इतक्या अंतरावर. आम्ही पोवार. घरात पोवारी, बांधावर झाडीबोली, शाळेत मराठी आणि गोंदियाला गेलो की हिंदी, असा आमच्या जिभेचा कारभार. इथे मी सगळ्यांना झाडीतच बोलू देते, म्हणजे वाचणाऱ्याला समजेल आणि आमच्या माणसांनाही ओळखू येईल. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास बाबूजी गावचे पोलीस पाटील झाले. गावात काही बरंवाईट झालं की ठाण्याला कळवायचं, एवढंच खरं तर ते काम. पण बाबूजींनी ते अंगात घालून घेतलं. दुसऱ्याच्या बांधावरची काडी आमच्या घरात येत नसे. आंब्याच्या दिवसांत रस्त्यावर पडलेला आंबा मी उचलून आणला, तर झाडाच्या मालकाकडे परत द्यायला लावला होता. मालक हसून लोटपोट झाला. मी मात्र रडत घरी आले, आणि त्याचा राग मला अजून आहे.

भाऊ माझ्याहून बराच लहान. शाळा त्याला मानवली नाही, शेतीत बाबूजींशी पटेना. मिसरूड फुटल्यावर तो कोहमाऱ्याच्या नाक्यावर ट्रकवाल्यांत मिसळला आणि तांदळाच्या एका गाडीवर क्लीनर म्हणून लागला. बाबूजींना ते काम कमीपणाचं वाटे. पोलीस पाटलाचा मुलगा आणि फडकं घेऊन काचा पुसतो, असं ते आईजवळ बोलत. आम्ही तिला माय म्हणतो. मायला एवढंच कळे की पोरगा जेवलेला असतो आणि महिन्यातून एकदा घरी येतो.

एकदा तो रायपूरहून आला तो मोबाईल घेऊन. स्वतःसाठी नव्हे, बाबूजींसाठी. नाक्यावरून कार्डही त्यानेच घेतलं होतं, लक्षात राहील असा नंबर निवडून. त्या दिवसांत असे चिनी मोबाईल बाजारात ढिगाने विकायला असत. बिल नाही, गॅरंटी नाही, पण नखरे किती! पाठीवर भोंगे, डोक्यावर टॉर्च, वाजला की कडेने लाल-हिरवे दिवे. आवाज एवढा की एका बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, वाजला तर चौथ्या बांधीतली बाई मान वर करायची. 'पाटलाचा मोबाईल वाजला का बसलेला बैल उठते,' असं गावात म्हणत. बाबूजी वरून त्रासल्यासारखं करत, पण बनियनला शिवलेल्या खिशात तो ठेवून गावातून दोन फेऱ्या जास्तच मारत. भावाकडे स्वतःचा मोबाईल नव्हता. तो कुठल्या कुठल्या ढाब्यावरून नाण्याच्या डब्ब्यातून फोन करायचा आणि बाबूजी 'हं, हं' करून तो मायकडे द्यायचे. बापलेकांत एवढं बोलणं त्याआधी कधी झालं नव्हतं, म्हणून मी त्या भोंग्याचे उपकारच मानत होते. माझा नंबर, मामाचा नंबर, सगळे त्यानेच त्यात भरून दिले होते. त्याला स्वतःला पाठ होता तो फक्त बाबूजींचा.

मग सरकारचा हुकूम आला. प्रत्येक मोबाईल यंत्राला कारखान्यात पंधरा आकडी नंबर दिलेला असतो. यंत्र चोरीला गेलं तर त्या नंबरावरून ते बंद करता येतं, कुठे आहे तेही शोधता येतं. ज्या यंत्रांना असा नंबरच नाही ती सगळी नोव्हेंबर संपताना बंद करायची, असं ठरलं होतं. ठाण्यात पोलीस पाटलांच्या बैठकीत साहेबांनी हे समजावून सांगितलं. नेमकं कोणत्या शब्दांत सांगितलं कोण जाणे. बाबूजींनी ऐकलं ते एवढंच, की बिननंबरी मोबाईल तो चोरीचा.

गावात परतल्यावर त्यांनी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर माणसं जमवली. धानाच्या मळणीचे, चुरण्याचे दिवस होते, भाऊही त्यासाठी आठवड्याभराच्या सुट्टीवर आलेला. तोही ओट्याला टेकून उभा होता. यंत्राचा नंबर कसा बघायचा ते बाबूजी ठाण्यातून शिकून आले होते: स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश. शाळा तपासायला साहेब यावा तसे ते एकेकाचा मोबाईल हातात घेत, बटणं दाबत आणि आकडे दिसले की 'ठीक आहे' म्हणून परत देत. एकदोघांचे निघाले बिननंबरी. त्यांना बाबूजींनी चार लोकांत सुनावलं, कुठून घेतला, कोणी दिला, सगळं विचारलं. ती माणसं खाली मान घालून बसली.

आमच्या धुऱ्याला, शेताच्या बांधाला, लागून एका म्हाताऱ्याचं शेत आहे. त्या धुऱ्यावरून दोन्ही घरांचं जुनं वाजलेलं. तो म्हातारा बिडी विझवून म्हणाला, "पाटील, सर्व्यायचे पायले. तुमचा पायला नाई तुमी."

बाबूजींनी खिशातून मोबाईल काढला आणि बटणं दाबली. पडद्यावर नुसती शून्यं आली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

हे सगळं मी नंतर मायकडून आणि शेजारच्या काकूकडून ऐकलं, पण इतक्यांदा ऐकलं की आता मीच तिथे होते असं वाटतं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, राग हसणाऱ्यांवर निघाला असता. बाबूजींनी ओट्यावरूनच भावाकडे पाहिलं आणि विचारलं, "खरं सांग. कोठून उचलला?"

घेतला म्हणाले नाहीत. उचलला म्हणाले.

भाऊ म्हणाला, "रायपूरच्या बजारातून घेतला. बिल देत नाईत ते लोक."

"ज्याले नंबर नाई तो चोरीचा. सरकार म्हणते."

"सरकार काय म्हणते ते आयकलो. तुमी काय म्हणता?"

बाबूजी म्हणाले, "मी पोलीस पाटील आहो."

आमच्या घरात राग जमिनीसारखा वाटून आलेला आहे, प्रत्येकाला आपापला हिस्सा. भाऊ ओट्यापासून सरळ घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मायने रोट्या बांधून दिल्या, त्या त्याने पिशवीत घातल्या, तिच्या पाया पडला आणि म्हणाला, "जिथं कुठं लागीन तिथून मोबाईलवर फोन करतो, माय." बाबूजी तेव्हा खळ्यावर होते. खळ्यावरून कोहमाऱ्याचा रस्ता दिसतो. त्यांनी त्याला जाताना पाहिलं असणार, पण ते कधी तसं म्हणाले नाहीत.

त्याच दिवशी बाबूजी तो मोबाईल घेऊन ठाण्यात जमा करायला गेले. तिथला शिपाई भला माणूस. म्हणाला, "पाटील, असे सर्वे आणून द्याले लागले तं ठाण्याचं दुकान होईल. घरी ठेवा. आपोआप बंद होते." बाबूजी घरी आले आणि तो तसाच, आतल्या कार्डासकट, ट्रंकेत टाकून कुलूप लावलं. कार्ड काढून दुसऱ्या यंत्रात घालता येतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मी म्हटलं. पण मला वाटतं, ठाऊक असतं तरी त्यांनी काढलं नसतं. बाटलेल्या भांड्यातलं पाणी काही पिण्याजोगं राहत नाही, असा त्यांचा हिशेब. मोबाईल बंद होणार म्हणजे सगळंच बंद होणार. आठवड्याभरात त्यांनी गोंदियाहून पक्क्या बिलाचा मोबाईल आणला, नवं कार्ड, नवा नंबर, सगळे कागद स्वतःच्या नावाचे.

मायने विचारलं, "त्याले हा मोबाईल कसा माहीत होईल?"

"येईल तवा सांगू," बाबूजी म्हणाले.

माझं सासर गोंदियाचं, मी तिथे शिलाईचा क्लास चालवते. मला फोनवर एवढंच कळवलं की मोबाईल बदलला, हा नवा लिहून घे. भाऊ कुठे आहे म्हटलं तर 'गाडीवर गेला'. त्यात नवल काय, तो नेहमीच गाडीवर असायचा. खरी हकीकत मला होळीला गावी गेल्यावर मायने सांगितली, आणि माझ्या हिश्श्याचा राग मी तिथल्या तिथे वापरून टाकला. ट्रंक उघडायला लावली, कार्ड काढून माझ्या मोबाईलमध्ये घातलं. पण इतके महिने पैसे न भरल्यामुळे ते रद्द झालं होतं. बाबूजींना घेऊन मी नाक्यावर गेले. ज्या गाडीवर भाऊ होता तिचा ड्रायव्हर भेटला. तो म्हणाला, पोरगा रायपूरलाच उतरला, दुसऱ्या कुठल्या गाडीने खाली दक्षिणेकडे गेला. दक्षिण केवढी मोठी आहे, ते त्या दिवशी ढाब्याच्या बाकावर बसून मला कळलं.

तो भोंग्याचा मोबाईल मी गोंदियाच्या बाजारात एका दुकानदाराला दाखवला. त्याने मागचं झाकण उघडलं, बघितलं आणि म्हणाला, "दीदी, इसमें नंबर डलवा लेते. सरकार ने ही तो छूट दी थी. कितनों ने डलवाया."

"चोरी का है क्या?" मी विचारलं.

तो हसला. "चोरी का होता तो नंबर होता. ये तो सस्ता है, बस."

मी पुढच्याच एसटीने गावी गेले. बाबूजी अंगणात दोर वळत बसले होते. मी म्हटलं, "बाबूजी, चोरीच्या मोबाईलले नंबर असतेच. नंबर असते म्हणून तं सरकारले तो बंद करता येते. ह्याले कारखान्यातच नंबर देल्ला नवता. गरिबाचा माल होता, चोरीचा नाई." मला वाटलं होतं ते वाद घालतील, साहेबांचं नाव सांगतील. त्यांनी दोर खाली ठेवला आणि विचारलं, "पक्कं?" मी पक्कं म्हटलं. ते उठून मागच्या दारी गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला त्यांची दया आली आणि दया आल्याचा रागही आला.

त्यानंतर ते रोज आंघोळ झाली की स्वतःचाच जुना नंबर लावायला लागले. हा नंबर सेवेत नाही, असं एक बाई मराठीत सांगे, मग हिंदीत, मग इंग्रजीत. बाबूजी तिन्ही भाषा पूर्ण ऐकून घेत आणि मगच ठेवत. मायला ते बघवत नसे. ती म्हणे, "त्या बाईले पाठ झाला असाल तुमचा आवाज." मी समजावलं की ते यंत्र बोलतं. तिला माहीत होतं. पुढे पावसाळा लागला, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. सकाळी उजाडायच्या आत बांधीत जावं लागे, त्या धांदलीत बाबूजींचं फोन लावणं महिनाभर सुटलं.

राखीला मी गावी आले. राखी बांधायला कोणी नव्हतं, पण सवयीने आले. रोवणा आटोपला होता. बाबूजींनी आंघोळ करून पुन्हा तो नंबर लावला, आणि कानाला लावल्या लावल्या माझ्याकडे असे बघायला लागले की मी हातातली परात ठेवून जवळ गेले. फोन वाजत होता.

तिकडून एका बाईने उचलला. बाबूजींनी स्पीकरचा भोंगा सुरू केला, मायही येऊन उभी राहिली. बाईचं बोलणं आमच्याकडचं नव्हतं, पार तिकडलं मराठवाड्याकडचं वाटलं. कोण पाहिजे म्हणाली. बाबूजी म्हणाले, "ताई, हा मोबाईल पयले माया होता."

"असंल काका. मला दुकानात दिला, महिना झाला." मग तिनेच विचारलं, "तुम्हीच का ते बाबूजी?"

बाबूजींनी मोबाईल माझ्यापुढे धरला. मीच हो म्हटलं.

ती म्हणाली, "एका पोराचा फोन यायचा हो. बाबूजी आहेत का म्हणायचा. मी म्हणलं, हितं कुणी बाबूजी नाहीत. दुसऱ्यांदा आला तवा मी जरा बोलले त्याला, बाईमाणसाला सारखा फोन करतोस म्हणून. मंग तिसऱ्यांदा म्हणला, ताई, रागावू नका, एवढंच सांगा, हा मोबाईल तुमच्याकडं कसा आला? मी म्हणलं, आमचाच हाय. बरं म्हणला, राहू द्या. त्यानंतर नाही आला." तो कुठल्या नंबरावरून आला होता ते तिच्याकडे नव्हतं.

मी त्या 'राहू द्या'चा अर्थ लावायचा प्रयत्न करत होते. तोही आमच्याच गावचा. मोबाईल तुमच्याकडे कसा, असं त्याने विचारलं तेव्हा त्याच्या मनात दहा आकडे नसणार, लाल-हिरव्या दिव्यांचा तो भोंगा असणार. आमचाच आहे, असं तिने सांगितलं. म्हणजे बाबूजींनी तो विकला, नाहीतर चोरीचा म्हणून कुठे देऊन टाकला, असंच तो समजला. मी हे मनातच ठेवलं, पण मायच्या तोंडाकडे बघितलं तर तिलाही तेच कळलं होतं. ती खाली बसली.

बाबूजी इतका वेळ मोबाईल हातात धरून उभे होते. ते म्हणाले, "ताई, पुन्हा त्याचा फोन आला तं एवढं सांगजा. म्हणा, मोबाईल चोरीचा नवता." आणि त्यांनी फोन ठेवून दिला. नवा नंबर सांगायचं त्यांच्या डोक्यात आलंच नाही. मी पुन्हा लावला आणि त्या बाईला नंबर लिहून घ्यायला लावला. ती बिचारी म्हणाली, "सांगते हो. देवाशपथ सांगते." मी तिला कधी पाहिलं नाही, पण सणावाराला तिची आठवण येते.

वर्ष गेलं. बाबूजींनी पोलीस पाटलाचं काम चालूच ठेवलं, मात्र कोणाच्या घरात शिरून विचारपूस करायचं सोडलं. कोणाचं काही हरवलं तर ऐकून घेत, ठाण्याला कळवत आणि घरी येत. गावाला वाटलं म्हातारपण आलं.

पुढच्या भाऊबिजेला मी गावी असतानाच त्या बाईचा फोन आला. "काका, आला होता हो त्याचा फोन," ती घाईघाईने म्हणाली. "सणाचं म्हणून केला असंल. मी पहिलं तुमचा निरोपच सांगितला. म्हणलं, तुझ्या बाबूजींनी सांगितलंय, तो मोबाईल चोरीचा नव्हता."

"मंग? काय म्हणला?" बाबूजींनी विचारलं.

"म्हणला, ते तर मला पहिल्यापासूनच माहीत आहे. मंग मी म्हणलं, नंबर सांगू का. सांगा म्हणला. मी सांगितला. लिहून घेतला का न्हाई, देवाला ठाऊक."

मायने एवढंच विचारलं, "आवाज कसा होता त्याचा?" चांगला होता, बाई म्हणाली, जरासा खोकत होता. मायला तेवढं पुरलं. पुढे कितीतरी दिवस ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की तिकडली हवा त्याला मानवत नाही.

त्या नव्या नंबरावर त्याचा फोन अजून आलेला नाही. बाबूजींनी नंबर बदलला नाही आणि यापुढे बदलणारही नाहीत.

बाईने फोन ठेवल्यावर आम्ही जेवायला बसलो. बाबूजींनी भात कालवला आणि हात तसाच ताटात ठेवून बसून राहिले. मी म्हटलं, जेवा. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलेही माहीत होतं, पोरी. ओट्यावर उभा होतो तवाच माहीत होतं. आपला पोरगा आहे तो."

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "हे सांगाचं होतं त्या बाईजवळ."